जुव्याच्या लढाईची होडीतून फेरी : आईला घेऊन जाऊन आले, त्याचा रिव्ह्यू

सरळ मुद्द्यावर येते. फोंडा, माशेल, बाणस्तारी भागात राहत असाल किंवा पणजीहून घरच्या वडीलधाऱ्यांना घेऊन रविवारी कुठे जायचं असा प्रश्न पडला असेल तर ही फेरी करा. माशेलजवळ टोंकच्या काठावरून एक साधी लाकडी होडी सुटते, जुवे बेटाला लागून फिरवते, मग पायी कोटावर नेते आणि दुपारी जुव्यावरच्या एका घरात जेवायला घालते. बोर्ड नाही, वेबसाइट नाही, सगळं फोनवर चालतं. होडी चालवणारे काका जुव्याचेच, साठी उलटलेले, आणि बरोबर त्यांची पुतणी असते जी कॉलेजात इतिहास शिकतेय, ती मराठीत आणि कोंकणीत दोन्हीत सांगते. माणशी बाराशे रुपये, जेवण धरून. आमच्या होडीत आम्ही घरचे आणि फोंड्याचे चार कॉलेजचे मुलगे होते.

जुवे म्हणजे सांत इश्तेव्ह, तिसवाडीतलं बेट, टोंकचा पूल ओलांडला की आखाडा लागतो तेच. भाजीसाठी प्रसिद्ध, सात शिरांचे भेंडे तिथलेच. पण संभाजीराजांनी १६८३ मध्ये हे बेट घेतलं, आणि पोर्तुगीजांची राजधानी तिथून काही किलोमीटरवर होती, हे आपल्यातल्या कितीतरी लोकांना ऐकूनसुद्धा माहीत नसतं. शाळेत आम्हाला फोंड्याचा किल्ला एका ओळीत होता, जुवे नव्हतंच. मला माहीत होतं ते फक्त आजोबांमुळे, आमच्याकडे त्यांना आजो म्हणायचे.

माझं आजोळ माशेल. आईचा जन्म तिथला, देवकीकृष्णाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर, आणि आजो खाजनातली एक मानस पावणीत, म्हणजे लिलावात, घ्यायचा. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी एवढं सांगते की खाजन म्हणजे खाडीकाठची बांध घालून राखलेली भातशेती आणि मानस म्हणजे त्या बांधातलं पाण्याचं दार. ओहोटीला आतलं पाणी दाराला ढकलून बाहेर जातं, भरतीला खाडीचं पाणीच दार लावून घेतं म्हणजे खारं पाणी शेतात घुसत नाही. पाणी बाहेर पडताना तोंडाशी जाळं लावलं की मासळी. आजोचं सगळं आयुष्य या दारावर गेलं, घड्याळ कधी वापरलं नाही पण सुकती, म्हणजे ओहोटी, कधी लागणार हे तो अंगणात बसून सांगायचा. मे महिन्याच्या सुट्टीत रात्री जाळं काढायला जाताना तो आम्हा पोरांना बरोबर न्यायचा, कंदील घेऊन, बांधावरून एकामागे एक, आणि तिथेच बसून लढाई सांगायचा, समोर काळोखात जुव्याचे दिवे दिसायचे. त्यामुळे मला ती लढाई कधी पुस्तकातली वाटलीच नाही. ती पलीकडच्या काठावर झाली होती आणि आजोच्या मानशीतल्याच पाण्यावर झाली होती असं डोक्यात बसलेलं.

आई आता पंच्याहत्तरच्या पुढे आहे. गुडघे दुखतात. मामा तिच्याहून धाकटा पण तोही थकला. दोघांनाही परत एकदा त्या खाडीत होडीतून जायचं होतं, कारण त्यांच्या लहानपणी पूल नव्हता, जुव्याला जायचं म्हणजे होडीच. म्हणून मी बुकिंग केलं.

पहिली गोष्ट जी मला फार आवडली ती म्हणजे वेळ. फोन केला तेव्हा मी विचारलं की किती वाजता निघता, तर काका म्हणाले की तारीख सांगा मग वेळ सांगतो. ओहोटी बघून ठरवतात. आमच्या दिवशी सकाळी साडेसातला बोलावलं. यामागे कारण आहे आणि ते या फेरीचा जीव आहे, कारण २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री मराठे जुव्यावर गेले ते ओहोटीला, पाणी उतरल्यावर. म्हणून हे लोक तुम्हाला भरल्या पाण्यात होडीत बसवतात आणि पाणी उतरताना खाडी कशी बदलते ते बसल्या जागी बघायला लावतात. आमच्यातल्या एका मुलाने सुरुवातीलाच विचारलं की एवढ्या रुंद पाण्यातून फौज गेली कशी. काका म्हणाले, "सुकती जांव दी, मागीर कळटलें तुका." आणि खरंच तासाभराने जिथे पाणी होतं तिथे दोन्ही बाजूंना चिखलाचे पट्टे वर आले, बगळे उतरले, मधली धार एवढीशी राहिली. त्या मुलाने परत प्रश्न विचारला नाही. किल्ल्यावर उभं राहून कितीही भाषण ऐकलं तरी हे कळत नाही.

पुतणी सांगते पण छान, पाठ केलेलं नाही वाटत. तिने सुरुवात फोंड्यापासून केली, जे बरोबरच आहे. फोंडा १६७५ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतला होता. १६८३ च्या ऑक्टोबरअखेरीस व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर, म्हणजे फ्रान्सिस्को द ताव्होरा, फौज घेऊन दुर्भाटला उतरला आणि फोंड्याच्या कोटाला तोफा लावल्या. तेव्हा औरंगजेब दक्षिणेत उतरलेला, पोर्तुगीजांना वाटलं की मराठे दोन्हीकडून अडकलेत. कोटात येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी होते. भिंत ढासळत आली होती तेवढ्यात नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संभाजीराजे राजापूरहून स्वतः आले आणि व्हाइसरॉयला वेढा उठवून परत दुर्भाटच्या वाटेने जावं लागलं. कृष्णाजी त्या लढाईतल्या जखमांनी पुढे वारले. हे ती सांगत होती तेव्हा फोंड्याचे ते चार मुलगे एकदम गप्प, त्यांच्या घरापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावरची गोष्ट आणि त्यांना फर्मागुढीचा महाराजांचा पुतळा सोडून काही माहीत नव्हतं. त्यांची चूक नाही, त्या कोटाचं आता बघण्यासारखं काही उरलेलंच नाही.

आणि मग दोनच आठवड्यांत जुवे. फोंड्यावर चाल करून आलात ना, आता तुमच्या दारात येतो, असा सरळ हिशेब. रात्री कोट घेतला, दुसऱ्या दिवशी २५ तारखेला गाव. व्हाइसरॉय साधारण चारशे माणसं घेऊन परत घ्यायला आला आणि तिथे त्याचा असा पराभव झाला की स्वतः जखमी होऊन होडीतून जेमतेम निसटला. पळणाऱ्यांना चिखल, बांध आणि चढतं पाणी तिन्ही नडलं. इथे काकांनी होडी एका जुन्या मानशीजवळ लावली. आणि आई बोलायला लागली.

आईने मानशीचं दार कसं काम करतं ते सगळ्यांना सांगितलं, कुठली फळी आधी काढायची, जाळं कुठे अडकवायचं, अमावास्या-पुनवेच्या आसपास मासळी जास्त का, पौषाच्या अवसेला बांधाजवळ चिखलाची मगर करून मांगे थापणी कशी करतात. काका गप्प बसून ऐकत होते आणि मध्येच त्यांनी विचारलं की बाय तू कुणाची, आईने सांगितल्यावर त्यांना आजो आठवला! त्यांचा बाप आणि आजो एकाच पावणीत बोली लावायचे, एकदा भांडण होऊन दोन वर्षं बोलत नव्हते, आणि मग बांध फुटला त्या पावसात दोघांनी मिळून रात्रभर माती टाकली. ही गोष्ट आईला माहीत होती पण काकांकडून ती दुसऱ्या बाजूने ऐकायला मिळाली, आणि मामा तर लहान मुलासारखा परत परत विचारत होता, मग काय झालं, मग काय झालं. टूरचा कार्यक्रम तिथे पाऊण तास थांबला. कुणी घाई केली नाही. चारही मुलगे ऐकत होते, एकाने तर फोन पण खिशात ठेवला.

आमच्या घरात या लढाईतली एक गोष्ट सगळ्यात जास्त सांगितली जायची, ती खंडो बल्लाळांची. व्हाइसरॉय पळत असताना संभाजीराजांनी पाठलाग करत घोडा पाण्यात घातला, भरती चढत होती, घोडा वाहून जायला लागला, तेव्हा खंडो बल्लाळांनी पाण्यात उडी टाकून घोडा धरला आणि राजांना बाहेर काढलं. आणि हे खंडो बल्लाळ कोण, तर बाळाजी आवजी चिटणिसांचा मुलगा, ज्यांना संभाजीराजांनीच १६८१ मध्ये हत्तीच्या पायी दिलं होतं. ही हकीकत लिहून ठेवणारे मल्हार रामराव चिटणीस त्याच घराण्यातले, म्हणजे ती मुळात घरातली आठवण आहे, बापाकडून मुलाकडे आलेली. आजो हे सांगायचा आणि आम्ही पोरं विचारायचो की बापाला मारलं त्याच राजाला का वाचवलं. मामाचं म्हणणं तेव्हापासून एकच, की चाकरी ती चाकरी, राज्य मोठं. आईचं म्हणणं की येसूबाईंनी त्या पोरांना पोटाशी धरलं होतं, बाप गेल्यावर त्यांनीच सांभाळलं, तो घोडा येसूबाईंसाठी धरला. हे भांडण होडीत परत झालं, तितक्याच जोरात. पुतणीला वाटलं की खरंच भांडतायत, तिने दोघांना पाणी दिलं. मला स्वतःला आईचं पटतं. घरातल्या बाईने राखलेला शब्द पुढे कुठे कामाला येतो हे इतिहासात लिहायला फार लोक जात नाहीत.

आता कोट. चढण फार नाही पण पायवाट जांभ्या दगडाची आणि कडेला गवत वाढलेलं, पावसानंतर लगेच गेलात तर घसरेल. आई अर्ध्यावर बसली, तिथे बसायला काही सोय नाही, काकांनी घरून प्लास्टिकची खुर्ची आणून दिली ही त्यांची माणुसकी पण ही सोय आधीच असायला हवी, वयस्कर लोक येणार हे उघड आहे. वर कोटाचे अवशेष आहेत, पोर्तुगीजांनी १६६८ मध्ये बांधलेला, आणि ख्रिस्त राजाचा पुतळा आहे. गाव त्याला मानतं, त्यामुळे वर गेल्यावर आरडाओरडा नको असं पुतणी आधीच सांगते. मांडवी, समोर दिवाड, खाली खाजनं. राजधानीच्या इतक्या जवळ शत्रू आल्यावर तिकडे काय धावपळ उडाली असेल ते इथे उभं राहिलं की समजतं. व्हाइसरॉयने बॉम जेझू चर्चमध्ये जाऊन सांत फ्रान्सिस शाव्हिएरची शवपेटी उघडून स्वतःचा राजदंड त्याच्या हातात ठेवला होता, आता राज्य तूच सांभाळ म्हणून. ही भीती जुव्याने घातलेली. पुढे मराठ्यांनी बारदेश आणि साष्टीत पण मुलूख उजाड केला, आणि मुघल शहजादा मुअज्जम कोकणात उतरतोय म्हटल्यावर १६८४ च्या जानेवारीत संभाजीराजे परत फिरले, नाहीतर गोव्याचा इतिहास काय झाला असता कोण जाणे. त्याच व्हाइसरॉयने मग राजधानी मुरगावला हलवायचा घाट घातला, बांधकाम सुरूसुद्धा झालं होतं, पण शेवटी राजधानी झाली पणजी, तीही १८४३ मध्ये.

एक गोष्ट मुद्दाम लिहिते कारण ती मला महत्त्वाची वाटते. पुतणीने वर उभं राहून हेही सांगितलं की त्या दिवशी गावात लूट झाली, माणसं मेली, आणि ती माणसं इथलीच होती, तिच्या पूर्वजांच्या शेजारची. तिच्या घरात ही लढाई वाईट दिवस म्हणून सांगितली जाते. आमच्या घरात ती शौर्याची गोष्ट म्हणून सांगितली जायची. तिने हे कुठलाही राग न धरता सांगितलं आणि राजांबद्दल एकही कमी शब्द बोलली नाही, उलट ओहोटीची वेळ साधून हल्ला करणं किती अवघड हे तिनेच सगळ्यात चांगलं समजावलं. मला संभाजीराजांबद्दल जो आदर आहे तो तसाच आहे, आणि तिच्या घरची बाजू ऐकूनही मला बरं वाटलं, असं दोन्ही एकत्र सांगणारं कुणी मला आजवर भेटलं नव्हतं. आजो पण कधी कधी म्हणायचा की जुव्याची भाजीवाली आमच्याकडे यायची तिला ही गोष्ट ऐकवू नका. आता कळलं का ते. ती बाई आजीची मैत्रीण होती, भेंडे आणि तांबडी भाजी घेऊन यायची, चहा पिऊन जायची, चतुर्थीला आजी तिच्यासाठी नेवऱ्या वेगळ्या काढून ठेवायची आणि नाताळात तिकडून दोदोल यायचा.

जेवण. एकच शब्द, उत्तम. उकड्या तांदळाचं शीत, सुंगटांचं (कोळंबीचं) हुमण, तळलेले शेवटे मासे, खुब्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, आणि भेंडे सोलं घालून केलेले. भेंडे खरंच वेगळे लागतात, कोवळे, आणि शिजून लगदा होत नाही. शाकाहारी लोकांनी आधी सांगितलं तर त्यांच्यासाठी वेगळं करतात, मामाचा सोमवार असतो तसा ज्यांचा असेल त्यांनी काळजी करू नका. मासा काकांच्या जाळ्यातला होता. जेवायला मात्र उशीर झाला, जवळजवळ अडीच वाजले, साखरेचा त्रास असलेल्यांनी जवळ काहीतरी ठेवा. त्यात आमचाही हात होता कारण मानशीवर गप्पांत वेळ गेला, पण टूरवाल्यांनी मध्ये चहा-बिस्किटं तरी द्यायला हवीत.

बाकीच्या कमतरता पण सांगते. होडीला छप्पर नाही, दहानंतर ऊन डोक्यावर येतं, टोपी हवीच. टॉयलेट फक्त जेवायच्या घरी, म्हणजे सुरुवातीचे काही तास काही सोय नाही, बायकांना आणि म्हाताऱ्यांना हे फार अवघड जातं, आणि हे त्यांनी बुकिंगच्या वेळी स्पष्ट सांगायला पाहिजे. लाइफ जॅकेट सगळ्यांना दिली, चांगली होती, पण लहान मुलांच्या मापाची दोनच. होडीत चढताना एक फळी टाकतात तिला धरायला काही नाही, आईला दोघांनी उचलून घेतलं. इंजिन चालू असताना पुतणीचा आवाज मागच्या लोकांना ऐकू येत नाही, एक छोटा माइक घेतला तरी खूप फरक पडेल. आणि पार्किंग रस्त्याकडेला, चारपाच गाड्यांच्या वर जागा नाही.

काही लोक म्हणतील की कुंभारजुव्याच्या खाडीत मगरी दाखवणाऱ्या बोटी आहेतच, मग ही कशाला. त्या वेगळ्या. मी त्यातल्या एकीत बसलेय, मोठ्याने गाणी, फोटो, परत. मगर आम्हाला इथे पण दिसली, चिखलावर ऊन खात पडलेली, काकांनी इंजिन बंद करून लांबून दाखवली आणि पुढे गेले. पण ज्यांना फक्त मगरच बघायची आहे त्यांनी हे घेऊ नका, तुम्हाला कंटाळा येईल, इथे तासन्‌तास पाणी उतरताना बघायचं असतं. अगदी लहान मुलांना पण नको, दहाबारा वर्षांपुढचं पोर असेल तर आणा. माझा भाचा आठवीत आहे, त्याने मानशीचं चित्र काढून घेतलं वहीत, आजीला विचारून विचारून.

पैशाचं म्हणाल तर बाराशेत होडी, माहिती, जेवण सगळं, मला अजिबात जास्त वाटलं नाही. वेगळे पैसे देऊन ते नार्व्यापर्यंतही नेतात, शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये बांधायला घेतलेलं सप्तकोटेश्वराचं देऊळ बघायला, आम्ही नाही घेतलं कारण आई दमली होती. ज्यांना जमेल त्यांनी घ्या, कोट आणि देऊळ दोन्ही एकाच सालचे आहेत, एक पोर्तुगीजांनी बांधला आणि एक महाराजांनी, तेही एकाच नदीवर, एकाच दिवशी दोन्ही बघितलेले बरे.

पाचपैकी साडेचार देईन, अर्धा टॉयलेट आणि फळीसाठी कापला. पावसाळ्यात बंद असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा काळ, आणि अमावास्या किंवा पौर्णिमेच्या जवळचा दिवस मागून घ्या, तेव्हा पाणी जास्त उतरतं. घरात कुणी म्हातारं माणूस या काठावरचं असेल तर त्याला नक्की न्या आणि काकांना आधी फोनवर सांगून ठेवा की ते कुठल्या वाड्यावरचे, म्हणजे ते खुर्ची आधीच वर नेऊन ठेवतील आणि मानशीवर जरा जास्त वेळ थांबतील.